सलाईनची बाटली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं



दहावीची परीक्षा महिन्यावर आली होती. एका विद्यार्थिनीची आई वर्गाबाहेर थांबली होती. म्हणाल्या, "बाई, पोरगी फार थकते हो. एका ठिकाणी व्हिटॅमिन सीचा हाय डोस सलाईनमधून देतात. प्रिझर्व्हेटिव्ह नसतं म्हणतात त्यात, म्हणजे सेफच ना?"

मी विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण त्या 'म्हणजे'पाशी मी अडकले.

आपल्याकडे सलाईनवर भारी श्रद्धा. गोळी दिली तर डॉक्टर साधा, बाटली लावली तर हुशार! त्यात आता 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' ही जाहिरात. लोणच्या-जॅमच्या बरणीवर वाचून वाचून हा शब्द आपण वाईटच ठरवून टाकलाय.

औषधात तो आला कसा, ते आधी बघा. १९२८ साली ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावात घटसर्पाच्या लसीच्या एकाच बाटलीतून अनेक मुलांना टोचलं. बाटलीत जंतुरोधक नव्हतं. सुई पुन्हापुन्हा आत गेली, जंतू शिरले, वाढले. १२ मुलं दगावली. एका बाटलीतून अनेकदा औषध काढायचं असेल तर जंतू रोखणारं काहीतरी हवं, हा धडा तिथे घट्ट झाला. म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली बाटली चांगली, पण एकदाच वापरायची असेल तरच. सकाळी उघडली आणि संध्याकाळपर्यंत चारजणांना पुरवली, तर ती जास्तच धोक्याची.

आता दुसरी बाजू. बेन्झिल अल्कोहोल हे इंजेक्शनांतलं नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह, साधारण ०.९ टक्के. आपलं यकृत त्याचं आधी बेन्झॉइक आम्ल करतं, मग त्याला ग्लायसिन जोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं यकृत हे काम नीट करू शकत नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत अशा बाळांच्या नळ्या धुण्यासाठी हेच द्रव्य घातलेलं सलाईन वापरलं गेलं, रक्तातलं आम्ल वाढलं, बाळं धापा टाकू लागली आणि काही दगावली. बाळांना त्रास झाला ते प्रमाण होतं वजनाच्या किलोमागे रोज ९९ मिलीग्रॅम आणि त्याहून जास्त.

इथे शेकडेवारीचं गणित मुलांकडूनही करून घ्या. ०.९ टक्के म्हणजे १ मिलीलीटरमध्ये ९ मिलीग्रॅम. ९९ भागिले ९, म्हणजे किलोमागे फक्त ११ मिलीलीटर. नळी धुताधुता एवढं सहज जातं!

मोठ्या माणसाला २ मिलीलीटरच्या इंजेक्शनमधून १८ मिलीग्रॅम मिळतात, ते शरीर सहज निपटतं. पण 'हाय डोस' म्हटलं की हिशेब बदलतो. २५ ग्रॅम व्हिटॅमिन सी, मिलीलीटरला ५०० मिलीग्रॅमच्या द्रावणातून, म्हणजे ५० मिलीलीटर. हे द्रावण प्रिझर्व्हेटिव्हवालं असेल तर ४५० मिलीग्रॅम बेन्झिल अल्कोहोल एका बैठकीत. अन्नातून किलोमागे रोज ५ मिलीग्रॅमपर्यंत चालेल, असं जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञांनी ठरवलंय; ४५ किलोच्या मुलीला ते होतं २२५. बरोबर दुप्पट, आणि तेही थेट शिरेतून. चिमूटभर मीठ भाजीला चव देतं, म्हणून कोणी मूठभर घालत नाही.

आणि प्रिझर्व्हेटिव्ह काढलं की काम झालं, असंही नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत व्हिटॅमिन ईचं शिरेतून द्यायचं एक औषध बाळांना दिलं गेलं. तेलकट जीवनसत्त्व पाण्यात मिसळावं म्हणून त्यात पॉलिसॉर्बेट होतं. ३८ बाळं गेल्यावर ते बाजारातून काढलं. खुद्द व्हिटॅमिन सीचा मोठा डोससुद्धा निरुपद्रवी नाही. जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. मूत्रपिंडात ऑक्झलेट साचू शकतं.

अमेरिकेत २०१७ मध्ये शिरेतून द्यायच्या व्हिटॅमिन सीला मान्यता मिळाली, ती स्कर्व्हीसाठी. मोठ्यांना रोज २०० मिलीग्रॅम, जास्तीत जास्त आठवडाभर. त्या बाटलीत जंतुरोधक नाही, म्हणूनच उघडल्यावर चार तासांत संपवायची सूचना आहे. २०० मिलीग्रॅम कुठे आणि २५ ग्रॅम कुठे! प्रौढ बाईची रोजची गरज ६५ मिलीग्रॅम. एक मध्यम पेरू ती भागवतो, आणि पेरूला सुई लागत नाही.

माझं मत विचाराल, तर थकलेल्या मुलाला सलाईन लावण्याआधी चार गोष्टी विचाराच. बाटलीवर 'सिंगल डोस' आहे की 'मल्टी-डोस'? प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं, किती? आपल्यासमोर उघडणार का? आणि नेमकं निदान काय? प्रश्न विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. दमा असेल तर सल्फाइटबद्दलही विचारा, काही इंजेक्शनांत ते असतं.

त्या आईंनी बाटलीच्या लेबलचा फोटो मागितला. "तुम्हाला काय कळणार त्यातलं," असं उत्तर आलं. मग त्यांनी मुलीला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रात्री दीडपर्यंतचा अभ्यास अकरावर आणायला मात्र आईला बरंच भांडावं लागलं.