लंडनच्या मैफली आणि आपली एक संध्याकाळ

मैत्रिणींनो, सुट्टीत गावी आले की हमखास ऐकावं लागतं, "तुझं काय बाई, लंडनला राहतेस, मजाच मजा!" आता खरं सांगू? परदेशातला संसार हाही संसारच असतो. सकाळचे डबे, धुणं, भांडी, मुलांचा अभ्यास सगळं तेच, फक्त हाताखाली मोलकरीण नाही. मी तर शनिवारी सकाळी मराठी शाळेत मुलांना बाराखडीही शिकवते. अशा धबडग्यातून महिन्याला एक संध्याकाळ मी बाजूला काढते आणि गाणं ऐकायला जाते. आपलं नव्हे हं, आफ्रिकेचं आणि देशोदेशीचं! कुणाची लेक, सून, बहीण इकडे आली असेल तर तिला या मजकुराचं कात्रण पाठवा. नातवंडाच्या बाळंतपणासाठी स्वतःच येणार असाल तर बॅगेत ठेवा.

तुम्ही म्हणाल, आफ्रिकेच्या गाण्याशी आपला संबंध काय? संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. पश्चिम आफ्रिकेत माली नावाचा देश आहे. तिथल्या बामाको शहरात १९६८ साली ऊमू सांगारे ही गायिका जन्मली. वडील दुसरा संसार मांडून निघून गेले, आई एकटी पडली, आणि ही पोर लहान वयातच गाऊन घरखर्चाला हातभार लावू लागली. तिच्या पहिल्याच ध्वनिफितीचं नाव ‘मूसोलू’, म्हणजे ‘बायका’. सवत, कोवळ्या वयात उरकलेलं लग्न, मुलीच्या मनाला न विचारता ठरवलेलं स्थळ हे तिच्या गाण्यांचे विषय. आता सांगा, आपल्या आज्यांनी जात्यावर याहून वेगळं काय गायलं? सासरचा जाच, सवतीचं दुःख, माहेरची ओढ. जातं बंद पडलं, ओव्या विसरत चालल्या. ऊमू मात्र तेच दुःख घेऊन जगातल्या मोठमोठ्या सभागृहांतून ताठ मानेने उभी राहते.

भाषेचं अक्षर कळत नाही, तरी गाणं कळतं. ती एक ओळ टाकते आणि मागच्या बायका ती उचलतात. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी जसे झील धरतात, अगदी तसं. त्या बायकांच्या हातात कवड्या लावलेला भोपळा असतो. तो उडवायचा, झेलायचा, फिरवायचा आणि त्यातून ताल काढायचा. मोबाईलवर हे ऐकता येतं, नाही असं नाही. पण समोर बसलं की भोपळा हवेत गेल्यावर आपलाही श्वास क्षणभर अडकतो.

दुसरं ऐकण्याजोगं वाद्य म्हणजे कोरा. आपल्या तंबोऱ्यासारखाच भोपळा, पण अर्धा कापून त्यावर कातडं ताणलेलं, वर लांब दांडी आणि २१ तारा. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एवढ्या चार बोटांवर सगळा कारभार. अंगठे खालचा सूर धरून ठेवतात आणि वरच्या बोटांनी नक्षी चालते. डोळे मिटून ऐकलं तर तीन माणसं वाजवताहेत असं वाटावं. ही विद्या ठराविक घराण्यांतच चालते. राजांच्या वंशावळी, लढाया, जुन्या कथा तोंडपाठ ठेवून गायच्या, हे त्या घराण्यांचं पिढीजात काम. मालीचे तुमानी जियाबाते हे त्यातले फार मोठे वादक, २०२४ मध्ये ते गेले.

पण कोरा बापाकडून मुलाकडे जायचा, मुलीकडे नाही. ही चाल मोडली सोना जोबार्ते हिने. ती १९८३ साली याच लंडनमध्ये जन्मली. वडिलांकडून गाम्बियाच्या नामांकित कोरावादक घराण्यातली. अशा घराण्यातून व्यावसायिक कोरावादक म्हणून पुढे आलेली पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतात. तिने नुसतं वाजवलंच नाही, तर गाम्बियात शाळाही काढली. मुलीला तबल्याच्या क्लासला घालावं की नको, यावर ज्या घरात अजून खल चालतो, तिथे ही गोष्ट जरूर सांगा.

हे सगळं लंडनमध्ये आलं कसं, तेही थोडं सांगते, कारण त्यात बायकांचा वाटा मोठा आहे. नायजेरियाचा फेला कुटी १९५८ साली घरच्यांच्या समजुतीप्रमाणे डॉक्टर व्हायला लंडनला आला आणि गेला थेट संगीताच्या कॉलेजात! पुढे त्याने जॅझ आणि आपल्या मातीतले ताल एकत्र करून ‘आफ्रोबीट’ जन्माला घातलं आणि लष्करी राजवटीला गाण्यातून जाब विचारला. या मुलाची आई फुनमिलायो रॅन्सम-कुटी शिक्षिका होती. बाजारात भाजी-धान्य विकणाऱ्या बायकांना तिने लिहा-वाचायला शिकवलं आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यावरच्या करांविरुद्ध हजारोंचे मोर्चे काढले. १९७७ साली सैनिकांनी फेलाच्या घरावर हल्ला केला, तेव्हा वृद्ध आईला खिडकीतून खाली फेकलं. पुढच्याच वर्षी ती गेली. आफ्रोबीटवर पाय थिरकतात खरे, पण त्या तालाखाली हे दुःखही आहे.

लंडनच्या कोव्हेंट गार्डन भागात १९६४ साली ‘आफ्रिका सेंटर’ सुरू झालं, त्यामागे मार्गारेट फीनी या बाईंची धडपड होती. १९८० च्या दशकात तिथल्या रात्री आफ्रिकी गाण्यांनी गाजल्या. आता ते सेंटर नदीपलीकडे सदर्क भागात आहे. आणि नॉटिंग हिलचा प्रचंड कार्निव्हल? १९५८ साली तिथे कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, दंगल उसळली. त्यावर उतारा म्हणून त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या क्लॉडिया जोन्स या पत्रकार बाईने १९५९ च्या जानेवारीत बंदिस्त सभागृहात पहिला कार्निव्हल भरवला. पुढे १९६६ साली रॉन लॅस्लेट या समाजकार्यकर्तीने वस्तीतल्या मुलांसाठी रस्त्यावर जत्रा भरवली, आणि तिचाच आजचा कार्निव्हल झाला.

‘वर्ल्ड म्युझिक’ हा शब्द तुमच्या कानावर येईल. त्याला फार घाबरू नका. १९८७ साली लंडनच्या एका पबमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. माली, बल्गेरिया, पाकिस्तान इथल्या रेकॉर्ड दुकानात कोणत्या फळीवर ठेवायच्या, हा त्यांचा प्रश्न. त्यावर हे नाव काढलं. आपण मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावतो आणि उरलेल्या एका डब्यावर ‘इतर’ लिहितो ना, तसंच हे! अनेक कलावंतांना ते नाव आवडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. आपला भीमसेनजींचा अभंगही त्याच फळीवर जायचा.

आता कामाच्या सूचना.

पहिल्यांदा जाणारीने खुर्च्यांचं सभागृह निवडावं. बार्बिकन किंवा नदीकाठचा रॉयल फेस्टिव्हल हॉल सोयीचा. प्रसाधनगृहं स्वच्छ, जिने-लिफ्ट नीट, एकट्या बाईला अवघडल्यासारखं होत नाही. फेस्टिव्हल हॉलच्या मोकळ्या दालनात पुष्कळदा फुकट कार्यक्रम असतात. इझलिंग्टनचं युनियन चॅपल म्हणजे जुनं प्रार्थनामंदिर. तिथे लाकडी बाकांवर बसून ऐकायचं, म्हणून लवकर जा आणि शाल न्या. उन्हाळ्यात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘प्रॉम्स’ असतात. तिथे उभ्याने ऐकण्याची तिकिटं थोडक्या पौंडांत मिळतात. तिथला भर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतावर, पण बेनिनची अँजेलिक किजो २०१९ साली तिथेही गाऊन गेली.

तिकिटावर ‘डोअर्स’ म्हणून जी वेळ असते ती फक्त दार उघडण्याची. छोट्या क्लबांत मुख्य गायिका त्यानंतर तास-दोन तासांनी येते. तेवढ्या वेळात घरचं जेवण आटोपून निघता येतं. उभ्याच्या कार्यक्रमाला सपाट चप्पल-बूट, खांद्यावर आडवी अडकणारी छोटी पर्स. साडी नेसून गेलं तरी कुणी वळून बघत नाही. तिथे बायका इतक्या रंगीबेरंगी छापील कापडांत येतात की आपली इरकल त्यात शोभूनच दिसते! परतीची शेवटची गाडी किती वाजता, ते निघण्याआधी बघून ठेवा.

मुलांना न्यायचं असेल तर वयाची अट आधी वाचा. क्लबांत बहुधा मुलांना घेत नाहीत, सभागृहांत घेतात. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर ट्यूबचं भाडं नाही. आवाज मोठा असतो, म्हणून मुलांसाठी कानावर लावायचे बचाव न्या. कार्निव्हल ऑगस्टच्या अखेरीस रविवार-सोमवारी असतो, त्यात रविवार मुलाबाळांसाठी बरा. तरी गर्दी वारीसारखी, म्हणून मुलाच्या मनगटावर आपला फोन नंबर लिहून ठेवा. गर्दी नकोच वाटली तर फॉरेस्ट हिलचं हॉर्निमन म्युझियम आहे. हॉर्निमन म्हणजे चहाचा व्यापारी. त्याच्या संग्रहातून उभं राहिलेलं हे म्युझियम, आणि तिथे देशोदेशीच्या वाद्यांचा मोठा साठा आहे. प्रवेश फुकट. आधी तिथे वाद्य दाखवलं की मग मैफलीत मूल कंटाळत नाही.

भूक लागली तर आफ्रिकी खाणं बिनधास्त मागवा, शाकाहारी आहे का तेवढं विचारून घ्या. जोलोफ राइस हा टोमॅटो घातलेल्या मसालेभाताचा भाऊ. पिकल्या केळ्याचे तळलेले काप तर कोकणातल्या बाईला ओळखीचे वाटतील. आणि माफे नावाचं शेंगदाण्याच्या कुटाचं कालवण चाखाल तेव्हा थक्क व्हाल, कारण आपली दाण्याची आमटीच की ती! बहुतेक वेळा त्यात मांस असतं एवढंच. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो त्यांच्याही घरी पाहुणाच आला आणि आपल्याही.

आता जरा अवघड विषय. आपल्या माणसांच्या दिवाणखान्यांतून आफ्रिकी माणसांविषयी काय बोललं जातं, ते मी पुष्कळ ऐकलं आहे. "अंधार पडल्यावर त्या भागात नको." "ती मुलगी वर्गात आहे ते ठीक, पण वाढदिवसाला घरी कशाला?" आणि हेच बोलणारी माणसं ऑफिसात कुणी गोऱ्याने तुच्छतेने पाहिलं की रात्रभर तळमळतात! मुलं हे दोन्ही ऐकत असतात, मैत्रिणींनो. घरात आई ज्याला ‘ते लोक’ म्हणते, त्याच्याशी मूल बरोबरीने वागायला शिकणार कसं?

यावर भाषणाचा उपयोग होत नाही. शेजारी बसण्याचा होतो. मागे एका मैफलीत माझ्या रांगेत तीन पिढ्यांचं एक कुटुंब होतं. गाणं रंगात आलं तशी त्यातली आजी उठली, सावकाश मंचापर्यंत गेली आणि गायिकेच्या हातात नोटा ठेवून आली. आपल्याकडे दौलतजादा म्हटलं की फेट्यातले पुरुष डोळ्यांसमोर येतात. इथे एक आजीबाई दुसऱ्या बाईचा मान राखत होती. ती रीत काय, गाण्यात तिच्या गावाचं नाव कसं आलं, हे तिच्या सुनेने मला समजावून सांगितलं. मग आम्ही भाताच्या पाण्याच्या प्रमाणावर बोललो! त्यानंतर ‘ते लोक’ हा शब्द निदान माझ्या तोंडी येणं शक्य नव्हतं.

राहता राहिला ‘ह्यांचा’ प्रश्न. नवऱ्याला आवड नसेल तर ओढून नेऊ नका. तो घड्याळ बघत बसतो आणि दोघांचीही संध्याकाळ फुकट जाते. त्याला एक दिवस मुलं सांभाळू द्या, वरणभात लावू द्या. तुम्ही मैत्रिणीला घेऊन जा, नाहीतर एकट्या जा. खर्चाचं म्हणाल तर महिन्यातलं एक बाहेरचं जेवण टाळलं की तिकीट निघतं.

लंडनला येणं प्रत्येकीला जमणार नाही, हे मला कळतं. पण आफ्रिका आपल्यालाही काही इतकी दूर नाही. मुरुडचा जंजिरा राखणारे सिद्दी मूळचे तिकडचेच. पुण्यात आज आफ्रिकेतली कितीतरी मुलं शिकायला आहेत. आपल्या तालुक्याच्या गावीही भजनी मंडळ असतं, शाहीर येतात, आणि कुणा म्हातारीला अजून शंभर ओव्या पाठ असतात. समोर बसून ऐकण्यासारखं काही ना काही प्रत्येक गावात आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख आपण लिहितोच. पुढच्या महिन्याच्या पानावर त्याच पेनाने एका संध्याकाळीभोवती गोल काढा, आणि ही संध्याकाळ माझी आहे असं घरात आजच सांगून टाका.