शाळा कोणी बंद पाडली?

विद्यार्थ्यांच्या संपाने शिक्षणाचे वाटोळे होते, असा गळा काढणाऱ्यांनी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मव्हिलकडे पाहावे. तेथील मोटन हायस्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा. १९३९ साली १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत १९५१ मध्ये साडेचारशे मुले कोंबलेली. वाढीव वर्ग डांबरी कागदाच्या खोपटांत भरत. पावसात छप्पर गळे. हिवाळ्यात शेगडीजवळचा भाजून निघे, दूरचा कुडकुडे. व्यायामशाळा नाही, प्रयोगशाळा नाही. पालकांच्या विनंत्यांना शिक्षण मंडळाने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. अखेर २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने सभा भरवली आणि शाळा बाहेर पडली. (मुख्याध्यापकांना तिने युक्तीने आधीच बाहेर धाडले होते!)

संप चालला दोन आठवडे. त्यातून उभा राहिलेला खटला ब्राऊन खटल्यात सामील झाला आणि १९५४ साली वर्णभेदी सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या. तेव्हा सुव्यवस्थेच्या कैवाऱ्यांनी काय केले? काळी-गोरी मुले एका वर्गात बसू नयेत म्हणून १९५९ साली परगण्यातील यच्चयावत सरकारी शाळांना टाळे ठोकले, तेही पाच वर्षे! गोऱ्यांसाठी खाजगी शाळा निघाली, तिच्या फीसाठी सरकारी पैसाही मिळाला. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कारस्थान मोडून काढले, तोवर कित्येक कृष्णवर्णीय मुलांचे शाळेचे वय उलटून गेले होते.