आईबाबांचे साक्षीदार
मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना रिसॉर्टऐवजी जुन्या मित्राकडे न्यायचं म्हटलं, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘तिथे आम्ही करायचं काय?’ प्रश्न रास्त आहे. गप्पा आईबाबांच्या आणि कंटाळा मुलांचा, असंच बहुतेक वेळा होतं. मित्र रत्नागिरीत असेल तर निम्मं काम कोकण रेल्वे करते; साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागला की मुलं आरडाओरडा करून खूश होतात. पोचल्यावर ‘काकांना गाणं म्हणून दाखव’ हा आग्रह टाळावा. मुलांना भाट्याच्या किनाऱ्यावर न्यावं, थिबा राजवाडा दाखवावा. इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा १९१६ मध्ये याच गावात वारला, हे काकांच्या तोंडून ऐकलेलं पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहतं. मुक्काम मात्र दोन रात्रींचा हवा. पहिली संध्याकाळ बुजण्यातच जाते. दुसऱ्या दिवशी फणसाचे गरे खाताखाता काका सांगून टाकतात, की तुमचा बाबा कॉलेजात गणितात गटांगळ्या खायचा. त्याने घरच्या शिस्तीला जरा धक्का बसतो खरा. पण बापही कधीकाळी पोरगाच होता, याचा खात्रीचा साक्षीदार कुठल्या रिसॉर्टात मिळणार?