कोठीच्या किल्ल्या

दोस्तांनो, स्नेहसंमेलन जवळ आलं की शाळेत कार्यक्रमांची यादी तयार होते. समजा, बाईंनी ही यादी दहा जणांना पाठवली. एकाने त्यात लेझीम वर घेतलं, दुसरीने नाटुकलं खाली ढकललं, तिसऱ्याने कोणाच्या तरी नावातली वेलांटी दुरुस्त केली. संध्याकाळपर्यंत दहा जणांकडे दहा याद्या! त्यातली खरी कुठली? कोणालाच ठाऊक नाही. पडदा उघडतो तेव्हा एका विंगेत लेझीमवाले आणि दुसऱ्या विंगेत नाटुकल्यातली पात्रं, दोघंही रंगमंचावर यायच्या तयारीत!

हसू नका बरं का! मोठ्या माणसांच्या कचेऱ्यांतही हुबेहूब असंच होतं. म्हणून त्यांनी एक साधा उपाय शोधला. कागद माणसांकडे पाठवायचा नाही, माणसांनीच कागदाकडे जायचं. कागद एकच, जागा एकच. या जागेला म्हणतात कामाची सामायिक साईट. आई किंवा बाबा फोनवर ‘साईटवर टाकलंय, बघून घ्या’ असं म्हणतात ना, तीच ही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००१ मध्ये आणलेलं ‘शेअरपॉइंट’ हे त्यातलं एक फार वापरलं जाणारं साधन. आज आपण त्याचंच उदाहरण घेऊ.

आता मला सांगा, जुन्या वाड्यातली धान्याची कोठी कोण सांभाळायचं? जिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, ती आजी! कुठल्या डब्यात काय आहे, कोणाला काय काढून द्यायचं, काय जुनं झालं, सगळं तिला तोंडपाठ. साईटलाही अशी एक आजी लागते. इंग्रजीत तिला ‘पॉवर यूजर’ म्हणतात, आपण कारभारी म्हणू. गंमत म्हणजे हा कारभारी संगणकाचा इंजिनिअर असावाच लागतो असं नाही. हिशेब विभागातल्या ताई असतील, नाहीतर गोदामातले काका. मात्र चार-पाच गोष्टी त्यांना नीट यायला हव्यात. चला, एकेक पाहू.

किल्ली कोणाला द्यायची?

शेअरपॉइंटच्या साईटवर साधारण तीन गट आधीच तयार मिळतात. पहिला मालकांचा. त्यांना सगळंच करता येतं, अगदी दुसऱ्याला किल्ली देणंसुद्धा. दुसरा सदस्यांचा. त्यांना कागद ठेवता येतात, बदलता येतात, काढूनही टाकता येतात. तिसरा पाहुण्यांचा. त्यांनी फक्त वाचायचं.

तुम्ही म्हणाल, ‘सगळ्यांनाच मालक केलं तर भांडणच नको!’ पण विचार करा. घरातल्या प्रत्येकाकडे कोठीची किल्ली असेल, तर दिवाळीचे लाडू दिवाळीपर्यंत टिकतील का? म्हणून कारभाऱ्याचा पहिला नियम असा: ज्याला कामासाठी जेवढं लागतं, तेवढंच द्यायचं. त्यात अपमान कोणाचाच नाही. जास्त किल्ल्या म्हणजे जास्त मान नव्हे, जास्त जबाबदारी.

दुसरा नियम: किल्ली शक्यतो गटाला द्यायची, एकेका माणसाला नाही. का बरं? समजा, एका काकांची बदली झाली. त्यांना वीस कागदांची परवानगी वेगवेगळी दिलेली असेल, तर वीस ठिकाणी जाऊन ती काढावी लागेल. एखादी हमखास राहून जाणार! तेच नाव गटात असेल, तर गटातून एकदा काढलं की काम फत्ते.

नाव ठेवावं तर असं

‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम नवीन खरोखर’ अशी नावं दिलेल्या फायली मी स्वतः पाहिल्या आहेत. यातली शेवटची कुठली, ते ओळखा पाहू!

चांगल्या नावात विषय असतो आणि तारीख असते. तारखेचीही एक युक्ती आहे. संगणक नावं लावतो ती डावीकडून एकेक खूण पाहत. आता या तीन तारखा घ्या: ०१-०५-२०२५, १५-०८-२०२४ आणि २६-०१-२०२३. दिवस आधी लिहिला, तर त्या याच क्रमाने लागतात. म्हणजे सगळ्यात नवी आधी आणि सगळ्यात जुनी शेवटी, नेमकं उलटं! आता वर्ष आधी लिहा: २०२३-०१-२६, २०२४-०८-१५, २०२५-०५-०१. झाल्या की नाही आपोआप ओळीत उभ्या?

आणि तारखेत तिरपी रेघ मात्र नको. फाईलच्या नावात तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, तारा, अपूर्णविराम, दुहेरी अवतरणचिन्ह या खुणा शेअरपॉइंट घेतच नाही.

एक कागद, दोन कप्पे

सहलीच्या खर्चाचा कागद कुठे ठेवाल? ‘सहल’ कप्प्यात की ‘हिशेब’ कप्प्यात? दोन्हीकडे ठेवला, तर पुन्हा दोन प्रती झाल्या. एकीत दुरुस्ती केली की दुसरी खोटी ठरली. हुशार कारभारी अशा वेळी कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा असं करत बसत नाही. तो प्रत्येक कागदापुढे रकाने आखतो: विषय, वर्ष, कोणी केलं. मग ‘फक्त सहलीचे दाखव’ म्हटलं की तो कागद दिसतो आणि ‘फक्त हिशेबाचे दाखव’ म्हटलं तरी दिसतो. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातली नोंदवही आठवा. पुस्तक एकच असतं, पण ते लेखकावरूनही शोधता येतं आणि विषयावरूनही. तसंच हे.

काल काय होतं?

आता सगळ्यात मजेची गोष्ट. साईटवरचा कागद बदलला तरी जुना पुसला जात नाही. तो मागे आवृत्ती म्हणून जपून ठेवलेला असतो. कोणी बदलला, कधी बदलला, हेही शेजारी लिहिलेलं असतं. शेअरपॉइंटच्या इंटरनेटवरच्या साईटवर एका फाईलच्या ५०० मोठ्या आवृत्त्या ठेवायची सोय सुरुवातीपासूनच असते. चूक झाली तर जुनी आवृत्ती परत आणायची. ती आणल्यावर मधल्या आवृत्त्या नाहीशा होत नाहीत, आणलेली आवृत्तीच नवी म्हणून पुढे बसते.

याचा उपयोग केवढा मोठा आहे, ते सांगते. आमच्या सातवीच्या मुलांनी अशाच एका सामायिक कागदावर वर्गाचा भित्तिपत्रक-अंक लिहायला घेतला होता. एके सकाळी एका मुलीची कविता गायब! वर्गातली सगळी बोटं एकाच मुलाकडे वळली. तो खोड्यांसाठी प्रसिद्ध होता ना! तो ‘मी नाही, मी नाही’ म्हणत राहिला, पण ऐकतं कोण? मुलं म्हणाली, ‘बाई, याला अंकातूनच काढा.’

मी म्हटलं, ‘आधी आवृत्त्या पाहू.’ पाहिल्या. त्या मुलाने दोन दिवस कागद उघडलेलाच नव्हता. कविता गेली होती रात्री साडेआठ वाजता, आणि नाव होतं त्या मुलीचंच! चित्र चिकटवताना तिच्याकडून मजकूर निवडला गेला होता, त्यामुळे चित्र आलं आणि कविता गेली. तिला पत्ताच नव्हता. कविता अर्ध्या मिनिटात परत आली. मुलांनी त्या मुलाची माफी मागितली, पण तो दिवसभर गप्पच होता. कविता परत आणायला बटण असतं हो, दुखावलेलं मन परत आणायला नसतं.

आता एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. तो मुलगा निर्दोष ठरला, कारण प्रत्येकाचं खातं वेगळं होतं. सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरला असता, तर प्रत्येक बदलापुढे एकच नाव आलं असतं आणि तो बिचारा कायमचा चोर ठरला असता. म्हणून जिवलग मैत्रिणीलाही आपला पासवर्ड द्यायचा नाही. त्यात अविश्वास नाही, दोघींचंही रक्षण आहे.

केराची टोपली आणि उचललेला कागद

चुकून फाईलच काढून टाकली तर? घाबरू नका. ती केराच्या टोपलीत जाते आणि तिथे ९३ दिवस राहते. टोपलीतूनही काढली तर मागे आणखी एक टोपली असते, ती मालकांनाच उघडता येते. पण ९३ दिवस मोजायचे ते पहिल्यांदा काढलं त्या दिवसापासून. त्यानंतर मात्र फाईल गेली ती गेली. म्हणून काही हरवलंय असं वाटलं, तर त्याच दिवशी सांगावं.

कधी कधी एखाद्याला निवांतपणे एकट्याने बदल करायचे असतात. मग ग्रंथालयातून पुस्तक न्यावं तसा तो कागद आपल्या नावावर उचलून घेतो. तोपर्यंत इतरांना तो वाचता येतो, बदलता येत नाही. आता हा माणूस कागद तसाच ठेवून गावी गेला तर? मालकाला त्याचा ताबा मोडता येतो. पण तसं केलं, तर त्याने परत न ठेवलेले बदल बुडू शकतात. म्हणून चांगला कारभारी आधी फोन करतो. करता येतं म्हणून लगेच करायचं नसतं. ज्याच्या हातात जास्त, त्याने जास्त थांबायला शिकावं.

पालकांसाठी दोन शब्द

हे सगळं कचेरीपुरतं नाही. सोसायटीची यादी, नातेवाइकांचा फोटोंचा अल्बम, वर्गाचा तक्ता हेही सामायिकच असतात. मुलांची नावं, पत्ते, फोन नंबर, कोणाला कसली ॲलर्जी आहे, हे ज्या तक्त्यात असेल त्याची ‘कोणीही उघडा’ अशी लिंक कृपया कधीच बनवू नका. तशी लिंक म्हणजे दाराबाहेर टांगलेली किल्ली. ती पुढे पुढे जात कुठे पोहोचेल, याचा नेम नसतो. त्याऐवजी ठरावीक माणसांनाच उघडेल अशी लिंक द्यावी आणि काम संपलं की बंद करावी. आपल्या देशात २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

करून पाहा

१. मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचं किंवा जिल्ह्याचं पान उघडा. वरचा ‘इतिहास’ दाबा. पान कोणी, कधी, कसं बदललं, ते वाचा. विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया २००३ मध्ये. तिथल्या कारभाऱ्यांना ‘प्रचालक’ म्हणतात.

२. आई-बाबांबरोबर बसून घरातल्या एका सामायिक अल्बमची किंवा फाईलची यादी काढा: कोण पाहू शकतं, कोण बदलू शकतं? ज्याला आता गरज नाही, असं एखादं नाव सापडतं का?

३. तुमच्या पाच फायलींना विषय आणि तारीख असलेली नवी नावं द्या. वर्ष आधी, विसरायचं नाही!

तुमच्या वर्गात उद्या कोणाला तरी अशा किल्ल्या मिळतील. कदाचित तुम्हालाच मिळतील. तेव्हा कोठीवाली आजी आठवा. तिच्या कमरेला सगळ्या किल्ल्या असायच्या, पण पानं वाढून झाल्यावर ती सगळ्यांत शेवटी जेवायची.

बरंय तर, पुढच्या आठवड्यात भेटूच!