झेरॉक्सचे पैसे कोण भरणार?

शिष्यवृत्ती उशिरा येते. परीक्षा मात्र वेळेवर येते. अशा वेळी वसतिगृहातला आपला विद्यार्थी झेरॉक्सचे पैसे वाचवतो, म्हणजे वाचनच सोडतो.

दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानावर २०१२ साली बड्या विदेशी प्रकाशकांनी दावा ठोकला. विद्यार्थी आणि प्राध्यापक दुकानाच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. त्याच डिसेंबरात खंडपीठानेही मान्य केले की, शिकवण्यासाठी गरजेपुरत्या प्रती काढायला १९५७ चा कॉपीराइट कायदा मुभा देतो.

हक्क मिळाला, पण बिल राहिलेच. त्यासाठी एकजूट हवी. चौघांत एक संच काढावा, पाठपोट काढावा आणि वर्ष संपताच मागच्यांच्या हाती द्यावा. ग्रंथालयाकडे जादा प्रतींची लेखी मागणी करावी.

बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तके जमवली. शंभर वर्षांनंतरही आपल्या मुलांनी तोच चिमटा का काढावा? काटकसर आपण करू; शिष्यवृत्ती वेळेवर देणे ही सरकारची जबाबदारी आहे. ती मागितलीच पाहिजे.