परसातली भट्टी

पावसाळा सरून परसातली जमीन वाळू लागली, की गोव्यातील आमच्यासारख्या घरांत वर्षभर मनात ठेवलेली कामे बाहेर निघतात. कुणी कुंपण सावरतो, कुणी गोठा शाकारतो. दोन वर्षांमागे आम्ही पाव भाजण्याची भट्टी बांधावयास घेतली. घरात गॅसची शेगडी असताना हा उपद्व्याप कशाला, असे अनेकांनी विचारले. खरे कारण असे, की गावातील वृद्ध पोदेरांनी त्याच वर्षी आपली भट्टी कायमची विझवली होती. मुले परदेशी, सरपण महाग, आणि अपरात्री उठून पीठ मळण्याचे बळ अंगात उरलेले नाही. पहाटे सायकलचा भोंगा वाजेनासा झाला, तेव्हा गावाचे घड्याळच कुणी काढून नेले की काय, असे वाटले.

भट्टीला आमच्या घरात अडचण होती ती मात्र निराळीच. थोरल्या आत्यांनी ऐंशी वर्षांच्या आयुष्यात पाव कधी तोंडात घातलेला नाही. ‘पाव’ आणि ‘पोदेर’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांचे. विहिरीत पाव टाकून माणसे बाटविल्याच्या कथा आत्यांनी आपल्या आजीच्या मांडीवर ऐकलेल्या. त्यातून पूर्वी पीठ फुगविण्यासाठी माडी वापरीत, म्हणजे दोष दुहेरी. या भीतीला हसणे सोपे आहे. परंतु सोळाव्या शतकात कुशस्थळीचा श्रीमंगेश आणि केळशीची श्रीशांतादुर्गा जुवारी नदी ओलांडून फोंड्याच्या मुलखात आली, ती काही हौसेने नव्हे. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. तेव्हा आमच्या आत्यांना काय बोल लावावा? आम्ही विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “बांधा बापड्यांनो, पण माझ्या स्वयंपाकघराच्या दारासमोर नको.” म्हणून जागा निवडली ती परसाच्या टोकाला, फणसाच्याही पलीकडे. धुराच्या दृष्टीने तीच जागा योग्य होती, हे मागाहून कळले.

भट्टी कशी बांधावी, हे पोदेरांनीच कुंपणापाशी खुर्ची टाकून सांगितले. कंबरेएवढा चौथरा चिऱ्यांचा केला. वर रिकाम्या बाटल्या आडव्या निजवून त्यांच्या फटी माती आणि भाताच्या तुसाने भरल्या. बाटल्यांतील कोंडलेली हवा उष्णतेला खाली उतरू देत नाही. त्यावर वाळूचा सपाट थर, आणि वाळूवर भट्टीच्या पक्क्या विटा नुसत्या मांडून घेतल्या. त्यांच्या सांध्यांत काहीच भरू नये. तापल्यावर विटांना फुगावयास जागा लागते, आणि एखादी फुटली तर ती काढून दुसरी बसविता येते.

घुमटासाठी ओल्या वाळूचा ढीग रचून त्याला हवा तो आकार दिला, त्यावर ओली वर्तमानपत्रे पसरली आणि माती-वाळूच्या गाऱ्यात विटा बसवीत गेलो. येथे सिमेंट वापरू नये, कारण ते प्रखर उष्णतेत भुगा होऊन गळते. आतला व्यास ३ फूट, घुमटाची उंची १६ इंच आणि दाराची १० इंच. या उंच्यांचे प्रमाण महत्त्वाचे. दार उंच झाले तर ऊब निघून जाते, ठेंगणे झाले तर विस्तव गुदमरतो. त्याच दारातून खालून थंड हवा आत येते आणि वरून धूर बाहेर पडतो. गारा आवळल्यावर आतली वाळू दारातून ओंजळीओंजळीने उपसली. बाहेरून तूस घातलेल्या मातीचा जाड लेप आणि वर चुन्याचा गिलावा दिला. डोक्यावर पत्र्याची छपरी हवीच.

यापुढचा आठवडा धीराचा. पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, दुसऱ्या दिवशी थोड्या अधिक, असे करीत भट्टी हळूहळू वाळवावी लागते. आम्ही त्या वर्षी हा नेम पाळला, आणि पहिला पावसाळा संपताच विसरलो. चतुर्थीला पाहुणे जमले होते, त्यांना कौतुक दाखविण्यासाठी एकदम मोठा जाळ केला. चार महिन्यांची मुरलेली ओल आतल्या आत वाफ झाली आणि घुमटाला दारापासून माथ्यापर्यंत तडा गेला. पोदेर रागावले नाहीत. “भट्टीला घाई चालत नाही,” एवढेच म्हणाले. तडा मातीने बुजविला, पण त्याची रेघ अजून आहे, आणि ती राहू द्यावी असेच आम्हांला वाटते.

भट्टी पेटविण्याची रीत अशी. सुरूचे वाळलेले लाकूड आणि नारळाच्या करवंट्या घ्याव्यात. रंगविलेले लाकूड व प्लायवूड वर्ज्य, आणि काजूच्या बियांची टरफलेही नकोत. त्यांतील तेलाचा धूर डोळ्यांना व कातडीला बाधतो. आमच्या भट्टीला १२ ते १५ किलो सरपण आणि दोन तास लागतात. आधी घुमट काजळीने काळा होतो. मग तापता तापता काजळीच जळून जाते आणि विटा पुन्हा उजळ दिसू लागतात. भट्टी तयार झाल्याची ती खूण.

या प्रखर आचेचे पहिले मानकरी म्हणजे मुले, कारण त्यांना पिझ्झा हवा असतो. निखारे एका बाजूस सारून तो विटांवरच ठेवावयाचा. इटलीतील नेपल्सच्या पद्धतीत तो ६० ते ९० सेकंदांत भाजतात. तेथील कारागिरांची ही कला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदविली. आमचा पिझ्झा दोन मिनिटे घेतो, आणि एक कड हमखास करपते.

नंतर पावाची पाळी. निखारे ओढून डब्यात भरावेत, काठीला बांधलेल्या ओल्या गोणपाटाने तळ पुसावा आणि दार लावून आच सारखी होऊ द्यावी. मग चिमूटभर मैदा तळावर टाकून पाहावा. तो क्षणात काळा पडला तर थांबावे. सावकाश तांबूस झाला, की पाव सारावा. एक किलो पिठाला सुमारे ६५० ग्रॅम पाणी, २० ग्रॅम मीठ आणि चहाचा एक लहान चमचा कोरडे यीस्ट पुरते. आमच्या हवेत पीठ दोन-तीन तासांत दुप्पट होते. कोंड्याची पोई फुगून पोकळ होते, तर उंड्याचे कवच टणक होते. बंद दाराआड पावाचीच वाफ कोंडते आणि त्याला तकाकी देते.

तीन पाव भाजा की तीस भाजा, सरपण तेवढेच लागते, हे आम्हांला पहिल्याच महिन्यात उमगले. भट्टी एका घराची होऊच शकत नाही. आता शनिवारी शेजारची चार घरे मळलेले पीठ घेऊन येतात. पाव निघाल्यावर नानकटाई, तीमागून मडक्यातली उसळ, आणि दुसऱ्या सकाळीही आत हाताला सुखावणारी ऊब असते. ती मात्र वाया जात असे.

गेल्या वैशाखाच्या अखेरीस आभाळ अवेळी भरून आले. आत्यांची सोले, म्हणजे घाटावरील वाचकांची आमसुले, अर्धी ओलीच होती आणि त्यांवर बुरशी धरण्याची भीती होती. रविवारी सकाळी आत्या फणसाच्या पलीकडे प्रथमच आल्या. भट्टीच्या दाराशी तळहात धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग विचारले, “ही ऊब दुपारपर्यंत टिकेल ना रे?” आम्ही तळ पुन्हा स्वच्छ पुसला आणि त्यांची सुपे आत सारली. पुढचे दोन शनिवार भट्टी पेटली, ती निम्मी त्या सोलांसाठी.

पाव त्यांनी अजून खाल्लेला नाही. तो खावा असा आग्रहही आम्ही धरणार नाही. मात्र सोले वाळून बरणीत भरली, तेव्हा त्यांतली पहिली पुडी त्यांनी स्वतः बांधली आणि ती पोदेरांच्या घरी पोहोचती करण्यास सांगितले.

ज्यांच्या परसात जागा आहे, त्यांनी या हिवाळ्यात भट्टी अवश्य बांधावी. त्याआधी शेजारी कोण कोण पीठ मळणार आहे, एवढे मात्र विचारून घ्यावे.