सुगरणीचा खोपा

साहित्य म्हणजे कल्पना आणि वास्तव म्हणजे डोळ्यांना दिसते ते, अशी विभागणी समाजात रूढ आहे. त्यामुळे कथा-कविता हा रिकामपणाचा उद्योग आहे, असे कष्टकरी माणसाला अनेकदा वाटते. परंतु डोळ्यांसमोर असलेले तरी माणूस खरोखर पाहतो का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

विहिरीवर झुकलेल्या फांदीला लोंबणारा सुगरणीचा खोपा खेड्यापाड्यांत सर्वांच्या परिचयाचा असतो. त्याच्याजवळून असंख्य माणसे जातात. पण बहुतेकांची नजर त्यावर ठरत नाही. बहिणाबाई चौधरी यांची नजर तेथे ठरली. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या आपल्या बोलीत गाणी रचत. पुत्र सोपानदेव आणि आप्त यांनी त्यांतील काही लिहून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाईंचे निधन झाले आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. खोप्यावरील त्यांच्या कवितेत सुगरण आपल्या पिलांसाठी इवल्याशा चोचीने घर विणते आणि दोन हात लाभलेल्या माणसाला अंतर्मुख करते.

याच पक्ष्याकडे पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी वेगळ्या दृष्टीने पाहिले. अलिबागजवळच्या किहीम येथे पावसाळ्यात त्यांनी सुगरण पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांचे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. खोपा विणण्याचे मुख्य काम मादी नव्हे, तर नर करतो, हे त्यांतून स्पष्ट झाले. नर खोपा अर्धा विणतो. मादी येऊन तो पारखते. तिला पसंत पडला, तरच नर तो पुरा करतो आणि नंतर दुसरा विणायला घेतो.

मग बहिणाबाईंची कविता खोटी ठरते का? पक्षिशास्त्राची माहिती म्हणून ती वाचली, तर त्या माहितीत चूक आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु कवितेचा रोख तेथे नाही. घर काडी काडी जोडून, कष्टाने उभे राहते. ज्याच्याजवळ साधने अधिक, त्याने आळसाची सबब सांगू नये, हे त्या कवितेचे म्हणणे आहे. ते सत्य दुर्बिणीतून दिसत नाही. त्यासाठी पक्ष्याच्या जागी स्वतःला आणि स्वतःच्या जागी पक्ष्याला ठेवून पाहावे लागते. अशा पाहण्यालाच कल्पना म्हणतात.

मात्र कल्पना नेहमीच दृष्टी देते असे नाही. ती कधी डोळ्यांवर पडदाही ओढते. ‘सुगरण’ हे नावच पाहावे. घरकामात निपुण असलेल्या स्त्रीला सुगरण म्हणतात. घर उभे करणे हे बाईचेच काम, असे गृहीत धरणाऱ्या समाजाने पक्ष्यालाही तेच नाव दिले. विणीच्या काळात पिवळ्याधमक डोक्याचा नर दिवसभर विणत असूनही मनाला दिसत राहिली ती मादीच! डोळे उघडे होते. पण नावाने पाहणे आधीच संपवले होते.

माणसांच्या बाबतीतही असेच घडते. ‘बलुते’ हा शब्द गावाला परिचित होता. सेवेच्या मोबदल्यात दिला जाणारा धान्याचा वाटा, एवढाच त्याचा अर्थ अनेकांच्या मनात होता. १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि त्या वाट्यासोबत पदरी येणारी अवहेलना वाचकांपुढे उभी राहिली. गाव तेच होते. पण ते प्रथमच गावकुसाबाहेर उभे राहून पाहावे लागले. वास्तव बदलले नव्हते, पाहण्याची जागा बदलली होती. अन्याय दूर होण्यासाठी तो आधी दिसावा लागतो, म्हणून ही जागा बदलणे हा करमणुकीचा भाग ठरत नाही.

निरीक्षण आणि कल्पना यांना परस्परांचे शत्रू मानणे म्हणूनच चूक आहे. निरीक्षण कल्पनेला भरकटू देत नाही आणि कल्पना निरीक्षणाला कोरडे पडू देत नाही. ज्याच्या हाती पुस्तक उशिरा आले, त्या वाचकाकडे अनुभवाची शिदोरी मोठी असते. त्याने वाचताना दोन प्रश्न जवळ ठेवावेत : हे खरोखर असे असते का? आणि हे मला आजवर का दिसले नव्हते? पहिल्या प्रश्नाने पुस्तकाची परीक्षा होते, तर दुसऱ्याने वाचकाची. दोन्ही प्रश्न विचारणाऱ्याला विहिरीवरचा खोपा पुन्हा भेटेल, तेव्हा तो क्षणभर तेथे थांबेल.